साळवेकाकांचा घरपोच सण

साळवेकाकांचा ‘सलाम’ रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायचा. अंबरनाथमधल्या आमच्या लहानशा चर्चच्या फाटकात ते दर रविवारी उभे असत आणि हात हातात घेऊन गदागदा हलवल्याशिवाय कोणाला आत सोडत नसत. उशिरा येणाऱ्याला टोमणा ठरलेला. “या, या! एकदम शेवटच्या आशीर्वादालाच यायचं होतं!” कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, पण शेजारी मशीन चालू असल्यासारखं बोलणं काही सुटलं नाही.

त्यांचं खरं राज्य हंगामाच्या सणाला. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं पहिलं आणून वेदीपुढे ठेवायचं. पालेगावचा भोपळा येई, जांभूळ गावाहून कोंबडी येई, आणि फ्लॅटवाले बाजारातली केळी आणत. मग प्रीतिभोजन. एकाच पातेल्यातलं मटण सगळ्या मंडळीनं खायचं, हा नेम. रस्सा काकांचा. ते चार जणांना चाखायला लावत. कोणी “मीठ कमी” म्हटलं, की “घरी बायकोला सांगतोस का असं?” म्हणून त्याला हाकलत आणि तो वळला की गुपचूप चिमूटभर टाकत.

करोनाच्या पहिल्या वर्षी सण करायचा की नाही, यावर चर्चच्या पंचांची बैठक बसली. टाळेबंदी सैल झाली होती आणि माणसं घरात बसून विटली होती. अर्ध्यांचं म्हणणं, देवाच्या घरात काही होत नाही. काका ज्येष्ठ पंच. ते उठले.

“देव राखतो, मान्य. म्हणून चालू मशीनमध्ये हात घालायचा का? राहेलआजी नव्वदीला टेकलीय. सण आहे म्हटलं की ती पहिल्या बाकावर येऊन बसणार. तिला काही झालं तर मी तोंड कुठे दाखवू?”

सण रद्द झाला. लोक काकांना अल्पविश्वासी म्हणाले, आणि ते त्यांना फार लागलं.

मग त्यांनीच तोड काढली. मंडळी जमणार नाही, पण पातेलं चढणार आणि डबे घरोघर जाणार. गर्दी नको म्हणून चुलीजवळ त्यांनी कोणाला फिरकू दिलं नाही. एकट्यानं रांधलं आणि स्कूटरवरून एकट्यानंच वाटलं. प्रत्येक दारात डबा ठेवून ते मागे सरत होते. राहेलआजी मात्र डब्याला हात लावेना.

“पंचानं प्रार्थना केल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत नाय. आत ये.”

काका आत गेले. आजीला कमी ऐकू यायचं, ओठ बघून ती समजून घ्यायची. म्हणून त्यांनी मास्क खाली ओढला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून सावकाश प्रार्थना केली.

मटण इतकं खारट झालं होतं की तोंडात धरवेना. आम्ही फोनवर मनसोक्त चेष्टा केली. “काका, पुडाच उपडा केलात काय?” तेही गोंधळले. “असं कसं? मला तर अळणीच लागत होतं. दोनदा टाकलं.” आम्ही आणखी हसलो. त्यांची चवच गेली होती, हे त्यांना ताप भरल्यावर समजलं.

काका वाचले. राहेलआजी त्याच आजारानं उल्हासनगरच्या एका दवाखान्यात वारली. तिच्या मातीला आम्हाला जाता आलं नाही.

पाळकसाहेबांनी समजूत घातली, की कोणाकडून आलं हे कोण सांगणार? आजीकडे दूधवाला यायचा, शेजारणी यायच्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

“मी सण बंद केला,” ते म्हणाले, “आणि मरण घरपोच केलं.”



सण पुढे पुन्हा सुरू झाला. काका फाटकात उभे राहीनासे झाले, मग चर्चलाही येईनात. आजीचा मुलगा विजय त्यांना समजावायला कुळगावहून आला. मी त्याच्यासोबत गेलो.

“काका, तुमची काय चूक? तुम्ही तर आईसाठीच सण थांबवला. आमच्या मनात काय नाय.”

काका अगदी हळू बोलले. तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“विजू, सगळ्यांनी मला माफ केलं रे. पाळकांनी केलं, पंचांनी केलं. पण एकानं विचारलं नाही, साळव्या, तू आत का गेलास? तू तरी विचार. तुझी आई होती ती.”

विजयला ते विचारता आलं नाही. तो रडायला लागला आणि काकाच त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. गेल्या वर्षी काका गेले. तोवर त्यांना कोणीही विचारलं नव्हतं.