आर्लीनबाईंचा भरलेला कप

"कुत्रा शिकून आलाय. ढ तू आहेस."

आर्लीनबाई ट्वेट मला बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी बावन्न वर्षांचा माणूस, शेरीफच्या खात्यात पंचवीस वर्षं काढलेली, घरी तीन शिकारी कुत्री वाढवलेली. सातवीनंतर मला कुणी तोंडावर ढ म्हटलं नव्हतं.

खात्यातून निवृत्त झाल्यावर मी सरकारी वकिलांच्या कचेरीत लागलो. ज्यांना कुणी मारलंय, लुबाडलंय, छळलंय, त्यांना साक्षीच्या दिवसापर्यंत सांभाळून न्यायचं, हे माझं काम. त्या वर्षी कचेरीने टर्निप नावाचा पिवळा लॅब्रडॉर आणला आणि त्याचा पट्टा माझ्या हाती दिला. त्याची नोकरी सोपी होती. साक्षीदार बोलत असताना त्याच्या पायाशी पडून राहायचं. आता यात माणसाने शिकण्यासारखं काय आहे, असं मला मनापासून वाटत होतं.

आमच्या सफरचंदांच्या मुलुखातला पहिला कोर्टातला कुत्रा आर्लीनबाईंचा. त्या नोकरीतून मोकळ्या झाल्या, तो कुत्राही म्हातारा होऊन गेला, तेव्हापासून त्या कुत्र्यांच्या माणसांना शिकवायच्या. दर गुरुवारी, बागाईतदारांच्या जुन्या सभागृहात. वय एकोणसत्तर, अंगाने काठी, पायात नवऱ्याचे रबरी बूट. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, बूट चालू होते. विद्यार्थ्यांशी त्या अरे-तुरे करायच्या आणि कुत्र्यांशी मात्र अदबीने. "या टर्निपराव, बसा. हा ढ आला की सुरू करू."

पहिल्या दिवशी त्यांनी मला मेजाखाली झोपवलं. दीड तास. वर वर्गातले दोघेजण साक्षीचं नाटक करत होते आणि माझ्या नाकासमोर चार बूट होते. "कुत्र्याला काय ऐकू येतं ते ऐक," म्हणाल्या. शब्द फारसे कळेनात, पण कुणाचा पाय कधी थरथरतो ते चांगलं कळायला लागलं. उठलो तेव्हा कंबर धरली होती आणि बाई दालचिनीचे रोल गरम करत होत्या.

त्यानंतर कप. सफरचंदांच्या जत्रेचं चित्र असलेला, कडेला टवका उडालेला. तो कॉफीने काठोकाठ भरायचा, त्याच्या कानाला पट्ट्याचं टोक बांधायचं आणि दुसरं टोक आमच्या हातात. मग बाई वही उघडून वाचायच्या, किराण्याची यादी वाचावी तशा आवाजात. कुणाला कुणी कसं मारलं, कुठल्या खोलीत, किती वेळ. माझा कप तिसऱ्या वाक्याला सांडला.

"चेहरा तर दगडासारखा ठेवला होता मी!" मी कुरकुरलो.

"चेहऱ्याचं कोण विचारतंय? तुझा राग पट्ट्यातून खाली उतरतो. खोलीत ज्याचं सगळ्यात जास्त दुखतंय, त्याच्याकडे हे महाराज उठून जातात. साक्षीदाराला सोडून ते तुझ्याकडे आले, तर त्या बिचाऱ्याने काय करायचं? ज्याचा कप त्याने पुसायचं. ते बघ फडकं."

पाच आठवडे मी फडकंच हाती धरून होतो.

एकदा वैतागून विचारलं, "बाई, तुमचा कधी सांडतच नाही का हो?"

रोलांवर साखर शिंपडताशिंपडता त्या म्हणाल्या, "माझी थोरली बहीण इर्मा. बारा वर्षं पायऱ्यांवरून पडत होती. डॉक्टरला हेच सांगायची, पोलिसांना हेच, मला हेच. तिच्या घराला पायऱ्या नव्हत्याच, कॉर्विन." मग रोलचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "माझं सांडायचं ते सगळं तिला पुरलं तेव्हाच सांडून झालं. खा."

मी खाल्लं. त्यानंतर मी त्यांच्या कुठल्याही बोलण्याचा राग धरला नाही.

त्याच सुमाराला लोवेलकाका आमडाल यांचा खटला उभा राहिला. शहात्तर वर्षांचे, सफरचंदाची बाग राखणारे, बोलण्यात तिखट. बाग नावावर करून देत नाहीत म्हणून त्यांच्या मुलाने, ब्रेंटने, त्यांचं मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. पोलीस आले तेव्हा काका खरं बोलले होते. पण जसजशी तारीख जवळ आली, तसतसे ते आतल्या आत मिटायला लागले. दुसरा साक्षीदार नव्हता. काकांनी कोर्टात तोंड उघडलं नाही, तर ब्रेंट सुटणार होता आणि सरळ त्याच घरी परतणार होता. हे काकांनाही ठाऊक होतं, मलाही.

मी कुत्र्याचं नाव काढलं, तर उखडले. "मी काय दूधपितं पोर आहे? कुत्रं बागेत शोभतं."

हरलेल्या तोंडाने मी बाईंकडे गेलो. त्यांनी बूट चढवले आणि थेट काकांचं घर गाठलं. बायकोच्या चाकांच्या खुर्चीसाठी काकांनी दाराशी लाकडी उतार बांधला होता, ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो तसाच होता. त्या उतारावर उभं राहूनच बाई म्हणाल्या, "अहो लोवेल, माझा एक विद्यार्थी फार ढ आहे. पंचवीस वर्षं पोलिसात होता, पण कुत्र्याचा पट्टा धरता येत नाही. साक्षीदार होऊन बसायला कुणीतरी हवंय. येता का गुरुवारी? जेवायला राजमा-खिम्याची चिली असते."

काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "दिसतोच आहे तसा," म्हणाले.

आणि ते यायला लागले. खुर्चीत बसायचे, टर्निप त्यांच्या पायावर हनुवटी टाकायचा, आणि काका माझ्या कपावर डोळा ठेवायचे. "सांडला! बाई, सांडला याचा! कुत्रं उठलं बघा!" त्यांना भारी आनंद व्हायचा. तिसऱ्या गुरुवारी ते बोलता बोलता टर्निपच्या कानामागे खाजवायला लागले. चौथ्या गुरुवारी माझा कप सांडला नाही. काका हिरमुसले.

"मग आता कोर्टात याची परीक्षा," बाई सहज बोलल्यासारखं बोलल्या. "तिथेही तुम्हीच बसाल ना?"

काकांनी कपाच्या कडेचा टवका बोटाने चाचपला. शेवटी म्हणाले, "बसतो. एवढं शिकवलंय, वाया कशाला घालवू?"

साक्षीच्या दिवशी ज्युरी आत यायच्या आधीच काका टर्निपचा पट्टा हाती धरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन बसले. कुत्रा बघून ज्युरीचं मन पाघळू नये म्हणून तशीच रीत आहे. पुढच्या फळीमुळे तो त्यांना दिसत नाही. मी आणि बाई बाजूच्या बाकावर होतो, तिथून पिंजऱ्याच्या अर्ध्या दाराखालून टर्निपची शेपटी तेवढी दिसत होती. समोर ब्रेंट कोट घालून बसला होता. बापासारखंच नाक.

सरकारी वकीलबाईंनी विचारलं, "मिस्टर आमडाल, तुमचं मनगट कसं मोडलं?"

काकांनी मुलाकडे बघितलं.

"पायऱ्यांवरून पडलो," ते म्हणाले.

तेवढ्यात टर्निप उठला आणि अर्ध्या दारावर त्याचं डोकं आलं. पट्टा ताणला गेला, काकांचा हात ओढला गेला. गेला माझा कप, मी मनात म्हटलं, आता सगळं माझ्यामुळे बुडणार. श्वास रोखून धरला, हात मांड्यांवर दाबले. मग लक्षात आलं, टर्निप माझ्याकडे बघतच नव्हता.

तो बाईंकडे बघत होता. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, कोरडा. पण बाकाला माझं कोपर टेकलं होतं आणि ते बाक थरथरत होतं.

त्या उठल्या. मागे न बघता चालत गेल्या आणि दार हलकेच ओढून घेतलं. टर्निप दाराकडे बघत राहिला, मग वळून काकांच्या पायावर आडवा झाला.

काकाही त्या दाराकडेच बघत होते. चार आठवडे त्यांनीच मला शिकवलं होतं, कुत्रं उठलं म्हणजे कुणाचा तरी कप सांडला. कुणाचा आणि कुठल्या वाक्याला सांडला, हे त्या खोलीत काकांना आणि मलाच कळलं होतं. त्यांनी खाली वाकून टर्निपच्या डोक्यावर हात ठेवला.

"चुकलं," ते म्हणाले. "ते लिहिलं असेल तर खोडा. माझ्या घराला पायऱ्या नाहीत. बायकोच्या खुर्चीसाठी मीच त्या फोडून उतार बांधलाय. मला माझ्या मुलाने मारलं." मग बचावाच्या वकिलाने तासभर उलटसुलट विचारलं. काका हलले नाहीत आणि टर्निपही हलला नाही.

बाहेर बाई बाकावर बसल्या होत्या, हात कोटाच्या खिशात घालून. मी त्यांना काकांचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं.

"पायऱ्यांचं पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

ब्रेंटला शिक्षा झाली आणि काकांच्या घराजवळ फिरकायची मनाई झाली. निकालाच्या दिवशी काका माझ्याकडे आले आणि गुरगुरले, "पास झालास एकदाचा." डोळे मात्र लाल होते.

त्यानंतरच्या गुरुवारी मी सभागृहात गेलो तर काका नेहमीच्या खुर्चीत बसले होते, कप भरून तयार होता आणि पट्टा बाईंनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळला होता. वही त्यांनी माझ्या हातात दिली. "आज ढ मी आहे. वाच."

वहीच्या पहिल्याच पानावर इर्माचं नाव होतं. माझा आवाज किराण्याच्या यादीसारखा लागेना, पण वाचलं. चौथ्या ओळीला कप सांडला आणि कॉफी मेजभर पसरली. टर्निप उठला. एरवी बाई त्याला नजरेनेच मागे पाठवायच्या, त्या दिवशी नाही पाठवलं. त्याने त्यांच्या रबरी बुटांवर हनुवटी टेकली.

ज्याचा कप त्याने पुसायचं, असा आमचा नियम. पण लोवेलकाका खुर्चीतून उठले आणि त्यांनीच फडकं घेतलं.