पाऊण तास कमी उकळलेली बिअर

जिल्ह्यात दारूबंदी लागून दोन-चार वर्षं झाली होती, तेव्हा मी बोरगाव मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांत बिअर करायला घेतली. मी बी.एस्सी. होतो, तेही सेकंड क्लास, त्यामुळे आपल्याला सगळं येतं याबद्दल मला शंका नव्हती.

निमित्त मामाजींचं. फौजेतून पेन्शनवर आलेला माणूस, घशाच्या दुखण्यानं आमच्याकडे उपचाराला आणलेला. महिनाभरात गिळणंही बंद होईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मामाजींनी ते माझ्या तोंडावरूनच ओळखलं असावं. एका सकाळी म्हणाले, "भाच्या, एक गिलास बिअर भेटली पाह्यजे. फेसाची. मंग मी कटकट करत नाई."

मामी म्हणाल्या, "धामणगावले जा अन् घेऊन ये. तिकडं बंदी नाई."

"कशाला? मी घरीच करतो."

येताना झडती होईल ही भीती होती, असं मी पुढं लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे मला करून दाखवायचं होतं.

कृती मामाजींना ठाऊक होती. छावणीत एका गोवेकर सोबत्यानं शिकवलेली. जवाला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गाळायचे आणि ते गोड पाणी कडू घालून उकळायचं. कडूसाठी आम्हाला काडेचिराईत मिळालं, खमीर बेकरीतून.

"एक घंटा उकळजो, झाकण न ठेवता," मामाजींनी बजावलं. "पाणी उडते तवा कस येते."

रविवारी दुपारी स्टोव्हवर गंज, म्हणजे घरातलं मोठं पातेलं, चढवला. पंधरा मिनिटांत ओल्या धान्याचा वास खिडकीतून बाहेर गेला आणि शेजारच्या काकू दारात.

"काय शिजून राह्यलं रे बाबू?"

"काढा. मामाजींसाठी."

"मंग आमच्या घरी बी दे गिलासभर. यायले खोकला हाय."

दिला. त्यांनी तिथंच घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "लय कडू हाय. म्हंजे गुण येईन."

ज्यांना खोकला होता ते काका पोलिसात हवालदार होते. काकू पायरी उतरल्या न उतरल्या तोच मी स्टोव्ह विझवला. आतून मामाजींनी विचारलं, "झाला घंटा?"

"झाला."

त्यांच्या खाटेसमोरच घड्याळ होतं.

निवल्यावर खमीर घालून झाकून ठेवलं. आठवड्यानं चाखलं तर नुसतं कडवट पाणी. जे उडायचं ते उडालंच नव्हतं. बाटलीत अर्धा चमचा साखर घालून बूच मारलं की आतलं खमीर ती खाऊन फेस करतं. मी कस भरून काढायला तीन-तीन चमचे घातले. सरबताच्या अकरा बाटल्या, बुचं तारेनं आवळलेली. अंधार हवा म्हणून त्या मामाजींच्याच खाटेखाली लावल्या. आता दोन आठवडे थांबायचं.

"किती दिवस राह्यले?" मामाजी रोज विचारत. त्यांचं जेवण भातावरून पेजेवर आलं, आणि पेजही चमच्यानं.

दहाव्या दिवशी दुपारी पहिली बाटली फुटली. मग लागोपाठ. मामाजींना उठता येत नव्हतं. ते वर, बाटल्या खाली. मी धावत गेलो तर छताकडे बघत म्हणाले, "फायरिंग कोन करून राह्यलं?" गादी खालून भिजली होती. मामी त्यांना एका कुशीवर धरून बसल्या आणि मी काचा गोळा करत राहिलो.

एक बाटली वाचली. दोन आठवड्यांची वाट आता कोण बघतो? तिची तार सोडली तसं बूच छताला लागलं, अर्धी बिअर भिंतीवर, उरलेली परातीत. मामींनी चमच्यानं पाजली. पहिला चमचा मामाजींनी बराच वेळ तोंडात धरला. दुसरा ओठांतून तसाच बाहेर आला, मामींनी पदरानं पुसला. तिसऱ्याला त्यांनी मान फिरवली.

"फेस चांगला हाय," म्हणाले.

पाच दिवसांनी ते गेले.

तेरवीच्या आदल्या दिवशी खाटेखाली झाडताना मामींच्या पायात काच गेली. मी चिमटा आणून ती काढेपर्यंत त्या पाय धरून बसल्या. मग मी खाट भिंतीला उभी केली आणि खालची फरशी पुन्हा हातानं चाचपली.