आरसा किती जवळ धरायचा?

मी कृत्रिम डोळे तयार करते. आज दुपारी पुलगावच्या एका काकूंना डोळा बसवला. चार वर्षांपूर्वी शेतात कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटताना काडी लागून त्यांचा उजवा डोळा गेला. तेव्हापासून त्यांनी एकही फोटो काढू दिलेला नाही. रविवारी मुलीचं लग्न आहे.

मी हातात आरसा दिला. काकूंनी तो नाकाला टेकवला.

"बुबुळ फिकं हाये, पोरी. मी नाई येत फोटोत."

फिकं होतं, अगदी किंचित. मी नाकारलं नाही.

सोबत आलेली मुलगी म्हणाली, "आई, लोकं का तुया नाकावर बसून पाहनार हायेत?"

मी आरसा काढून घेतला. बाहेर बाकावर एक अनोळखी आजोबा बसले होते. त्यांना आत बोलावून काकूंपासून दोन हात अंतरावर उभं केलं आणि विचारलं, "यातला बसवलेला डोळा कोणता?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग काकूंच्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं.

"अवो बुवा, तो तर माहा सोताचा हाये!" काकू हसू लागल्या.

बुबुळाचा रंग शुक्रवारपर्यंत गडद करून देते, असं मी म्हटलं.

"राहू दे वं. फोटोवाल्याले या बुवाएवढंच दूर उभं करतो."

संध्याकाळी घरी तोंड धुताना लक्षात आलं, मीही रोज आरशाला नाक टेकवूनच स्वतःला तपासते. तुम्ही किती अंतरावरून पाहता?