हात जपणारा माणूस

देवगाव फाट्यावरच्या ज्या हॉटेलात मी चहा करतो, तिथं तो रोज सकाळी यायचा. दारातून वाकून आत शिरायचा आणि कपाला हात न लावता चहा निवायची वाट बघायचा. पगारी बास्केटबॉल खेळाडू होता. एका हंगामाच्या कमाईत त्यानं घरावर स्लॅब टाकला होता. पुढच्या हंगामाला फोन करतो म्हणून संघवाल्यांनी सांगितलं, त्यालाही बरेच दिवस झाले होते. तेव्हापासून तो बोटं जपत होता. घरच्या कापसाला हात लावायचा नाही. बिस्किटाचा पुडासुद्धा मला फोडायला लावायचा.

"काय खेळाडू, आला का फोन?" मालक रोज टोचायचे.

"येईल की. संघ जमवायलेत अजून."

मी सातवीतून शाळा सोडून नंदुरबारहून आलेलो. कामावरून काढतील या धास्तीनं सगळं घाईत करायचो. त्या घाईतच एकदा उकळत्या चहाचं पातेलं माझ्या अंगावर कलंडायला लागलं. भट्टीजवळ उभ्या असलेल्या त्या खेळाडूनं ते उघड्या हातांनी वरच्यावर धरलं.

दुसऱ्या दिवशी तो दोन्ही हातांना पट्ट्या बांधून आला. मला रडूच फुटलं. "दादा, माझ्यामुळं तुमचा खेळ गेला."

"रडायलास कशाला, येड्या?" त्यानं मालकांकडं बघून आवाज खाली आणला. "लय हलकं वाटायलंय मला. आता फोन न्हाई आला, तर घरी सांगायला कारण हाय."

मी जन्मभर त्याचे उपकार मानायचं ठरवून बसलो होतो, आणि तो माझेच मानत होता.