लेकानं नेलेला रेग्युलेटर

चूक माझीच होती, ते आधीच सांगते. दूध गॅसवर ठेवलं आणि भाजीवाली आली म्हणून गेटाशी गेले. तिच्याशी हुज्जत घालता घालता दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस तसाच चालू राहिला. मी घरात येऊन खुशाल पेपर वाचत बसले. मागच्या मोठ्या आजारपणापासून मला वासच येत नाही. शेजारीण नाकाला पदर लावून धावत आली, बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या आणि नांदेडला माझ्या लेकाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेक लातुरात हजर. त्यानं सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला, आपल्या बॅगेत टाकला आणि ओट्यावर विजेची शेगडी ठेवली. "आई, आता हीच वापरायची. नाहीतर घराला कुलूप लाव आणि नांदेडला चल."

अस्सं! म्हणजे गॅस नुसतं निमित्त, खरा बेत माझं घर बंद करायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या शेगडीवर भाकरी काही फुगेना. लाईट गेली की चहाचेही वांधे. आठ दिवस दातओठ खात काढले आणि नवव्या दिवशी गॅसचं पासबुक घेऊन एजन्सी गाठली.

खिडकीतला कारकून म्हणाला, "मावशी, रेग्युलेटर हरवला म्हणून लिहून द्या."

"हरवला न्हाई. लेकानं नेला."

"मग पोलिसात तक्रार द्यावी लागंल."

"देते की. नाव-पत्ता सगळा पाठ हाय मला त्याचा."

रांगेतली माणसं खो खो हसली. मला कुठलं हसू येतंय? जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता चूल पेटवायला लेकाची परवानगी? कनेक्शन माझ्याच नावावर होतं. कारकुनानं आत जाऊन साहेबांना विचारलं आणि अर्ज लिहून घेतला. 'मुलाने नेला' असंच मी त्यात लिहिलं. नवा रेग्युलेटर मिळाला.

दुपारी मेकॅनिक आला. येताच विचारतो, "घरात माणूस कोणी न्हाई का?"

"मग मी काय म्हैस हाय?"

मग तो कामाला लागला. रबरी नळी बदलली, रेग्युलेटर बसवला. साबणाचा फेस मी स्वतः केला आणि जोडांवर लावला. एकही बुडबुडा आला नाही. गॅस गळला की बोंबलणारा अलार्मही मी मागवला होता. मेकॅनिक तो पार छताजवळ लावायला निघाला. म्हटलं, "खाली लाव बाबा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो." नाक गेलं असेल, कान अजून शाबूत आहेत.

"पेटवा आता," तो म्हणाला. मी लायटर धरला. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. नळीत हवा होती, दोनदा पेटलाच नाही. तिसऱ्यांदा निळा जाळ आला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

रविवारी लेक आला. ताटात फुगलेली भाकरी बघून सगळं समजला. "कुणाला विचारून केलंस हे?"

"माझ्या घरात मी कुणाला विचारायचं रे?"

जेवण झाल्यावर तो हात धुवायला आत गेला आणि मला 'टक' ऐकू आलं. रेग्युलेटर बंद केला होता पठ्ठ्यानं. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"बंद करता येतो ना? आता चालू कर."

"आई, तुला काही झालं असतं तर?"

"झालं न्हाई. चालू कर."

त्यानं खालच्या अलार्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बटण फिरवलं. मी चहासाठी दूध ठेवलं. ते वर येईस्तोवर आम्ही दोघंही ओट्यापासून हललो नाही.