दंडावरची लाली

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तळपायावरचा काळा डाग आम्ही सगळ्यांनी कुरूप समजून सोडून दिला होता. द्राक्षबागेत जन्म गेलेल्या माणसाचे तळपाय कोण निरखून बघतो? तो त्वचेचा कॅन्सर निघाला. डाग कापून काढला, पण आजार पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी चाचणीत असलेली एक लस सुचवली. तिच्यात पेप्टाइड असतात, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर सापडतात तसल्या प्रथिनांचे बारीक तुकडे. ते टोचायचे, शरीराने ओळख करून घ्यायची आणि पुढे तसली पेशी दिसली की तिच्यावर तुटून पडायचं. लागू पडेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. तेवढं दादांनी ऐकलं नसावं.

पहिल्या इंजेक्शननंतर दंड लालभडक झाला, सुजला, थोडी कणकण आली. पुढच्या तारखेला मला अंबडच्या कंपनीतून रजा मिळाली नाही, म्हणून ते एकटेच निघाले. संध्याकाळी हॉस्पिटलमधून मला फोन आला, पेशंट आलेच नाहीत. दादा हॉस्पिटलच्या अलीकडेच, द्वारका चौकात उतरून, चहा पिऊन, मिळेल त्या गाडीने घरी परतले होते.

माझं डोकंच फिरलं. "दादा, जिवाशी खेळताय का?"

"अगं, फवारणी लय जड झाली की पानं करपतात. मंग लगेच दुसरी मारायची नसती, थांबायचं असतं. एवढं पण कळत नाय का त्यांना?"

याच हिशेबाने त्यांनी आयुष्यभर बाग सांभाळली होती, त्यामुळे वाद घालणं अवघड होतं. हे करपणं नाही, शरीराने दखल घेतल्याची खूण आहे, असं मी सांगितलं. त्यांनी दंडावरून बोट फिरवलं.

"म्हंजे लाल झालं तर चांगलं?"

"चांगलंच."

डॉक्टरांनी कुरकुर करत का होईना, राहिलेला डोस दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बाही वर करून ओट्यावर उजेडात बसले. आई वाकली, मी वाकले. सुईचा ठिपका सोडला तर कातडी नेहमीसारखीच होती. मला भीती वाटली. एका डोसवरून काही ठरत नसतं, असं मी म्हणाले.

दादांनी अंगठ्याने तिथे जोरजोरात चोळलं आणि दंड आईपुढे धरला.

"हे बघ, झालं लाल."