टपावरचं कॅरियर आणि गदागदाचा हात

कारखान्यात त्याला सगळे गदागदा म्हणायचे. कुठलीही वस्तू धरून गदागदा हलवल्याशिवाय या माणसाचा तिच्यावर विश्वासच बसायचा नाही. दवाखान्यातला बाक असो नाहीतर बँकेबाहेरचं रेलिंग, हा आधी हलवणार, मगच टेकणार. मुलीच्या लग्नात त्याने स्टेजचा खांब असा काही हलवला की वरची माळ थेट फोटोवाल्याच्या डोक्यावर. बायको म्हणाली, "अहो, निदान आज तरी हात आवरा!" पण आवरतोय कसला!

नोकरीही तशीच मिळाली होती. गाड्यांच्या टपावर सामान बांधायला जी कॅरियर लावतात, ती बाजारात जाण्याआधी त्याच्या शेडमध्ये यायची. तिथे रंग उडालेली एक जुनी गाडी होती. तिच्या टपावर कॅरियर बसवायचं, वर वाळूची पोती बांधायची आणि गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावरून फिरवून आणायची. खड्डे मुद्दाम मापात केलेले. बाहेर तेवढे फुकट मिळाले असते, पण ते नियमात बसत नाहीत ना! मग सपाट पट्टीवर गाडी वेगात आणून करकचून ब्रेक मारायचा. कॅरियर सरकलं की नापास. एक अट मात्र पक्की होती: एकदा बसवलं की शेवटपर्यंत कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाईक काही वाटेत उतरून नट आवळत बसत नाही.

मुरवत हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. कॅरियर बनवणारे त्याला टरकून असायचे. त्याने पास म्हटलं की तपासणीच्या मॅडम डोळे मिटून शिक्का मारायच्या.

मुलीने गाडी घेतली तेव्हा कॅरियर कुठलं घ्यायचं ते यानेच सांगितलं. "माझ्या हातून पास झालंय. बिनघोर घ्या."

जावई औषधांच्या दुकानात कामाला. गोळी जेवणाआधी की नंतर, हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगणारा माणूस. कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं, ना कमी ना जास्त. घर बदलायची वेळ आली तेव्हा त्याने कॅरियरसोबतचा कागद मांडीवर उघडून एकेक नट बसवला, वर लाकडी कपाट बांधलं आणि बायको-मुलीला घेऊन निघाला. वाटेत समोर कुत्रं आडवं आलं. ब्रेक लागला, आणि कॅरियर कपाटासकट टपावरून निसटून रस्त्यावर आपटलं. समोरून येणाऱ्या ट्रकने कसंबसं टाळलं. कपाटाचा भुगा झाला. तान्ही लेक मागच्या सीटवर झोपलेली होती, ती जागीसुद्धा झाली नाही.

गदागदा धावत पोचला. नातीला आधी उचलून घट्ट धरलं, आणि मग त्याचा तोल सुटला. चारचौघांत जावयाला म्हणाला, "चार नट आवळता येत नाहीत तुम्हाला? माझी नात होती गाडीत! बायकापोरं सांभाळायची लायकी आहे का तुमची?"

जावई एवढंच म्हणाला, "बाबा, मी कागदात लिहिलंय तसंच केलं."

"केलं असतंत तर सुटलं नसतं!"

त्या दिवसापासून मुलीने येणं बंद केलं. "ह्यांची माफी मागा, मग येऊ," असं आईला सांगून टाकलं. माफी कसली? हा हट्टाला पेटलेला. नातीला दात आले ते याने फोनवरच्या फोटोत पाहिले. बायकोच्या पाठीमागून फोटो पुन्हा पुन्हा बघायचा आणि विचारलं की म्हणायचा, "वेळ किती झाला ते बघतोय."

शेवटी त्यानेच बायकोकडून निरोप धाडला. जावईबापूंनी शेडमध्ये यावं, तसलंच नवं कॅरियर स्वतःच्या हाताने बसवावं, चूक कुठे झाली ते मी दाखवतो. जावई आला. मुलगीही नातीला कडेवर घेऊन आली आणि जाळीपलीकडे उभी राहिली. वडिलांशी चकार शब्द बोलली नाही.

जावयाने कागद वाचत कॅरियर बसवलं. गदागदा शेजारी उभा राहून चूक हुडकत होता. एकही सापडेना, तसा त्याचा पारा चढत गेला. पोती चढली, गाडी खड्ड्यांतून फिरून आली आणि पट्टीच्या तोंडाशी थांबली. गदागदा नेहमीसारखा पाहणी करायला पुढे झाला.

"बाबा, काय करताय?" मुलगी जाळीतून ओरडली.

"कुठे काय? बघतोय."

"हात बघा तुमचा!"

त्याने पाहिलं. पहिला नट आवळून झाला होता आणि हात दुसऱ्यावर होता. कधी गेला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. शिक्क्यासाठी आलेल्या मॅडम पुढे आल्या. ड्रायव्हर मात्र भोळेपणाने म्हणाला, "अहो, ते नेहमीच करतात. प्रत्येक वेळी."

 रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

मॅडमनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. जावयाने पुन्हा बसवलं, गाडी पुन्हा खड्ड्यांतून आली. या वेळी गदागदा दोन्ही हात खिशात कोंबून उभा राहिला. ब्रेक लागला आणि कॅरियर पोत्यांसकट बॉनेटवरून पुढे जाऊन आदळलं. वाळूच वाळू.

तो जावयासमोर गेला. "जावईबापू, तुमची काही चूक नव्हती. मी नको ते बोललो."

"जाऊ द्या हो बाबा," जावई म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "पण आधी पास केलेली?"

हा प्रश्न गदागदाच्याही डोक्यात आलेलाच होता. तो मॅडमकडे वळला. "माझ्या हातून गेलेली सगळी परत मागवा. पुन्हा तपासा, आणि मला आसपास फिरकू देऊ नका."

"सगळी? अहो, वेड लागलंय का? निवृत्तीला आलात तुम्ही! वर काय सांगू मी?"

"गदागदाने माती खाल्ली म्हणून सांगा."

मॅडम फोन लावायला आत गेल्या.

परत जाताना मुलीने त्याला गाडीत मागे, नातीशेजारी बसवलं. कितीतरी दिवसांनी नात त्याला चिकटून बसली होती, त्याचं बोट तोंडात घालून नवे दात आजमावत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही. पुढे सिग्नलला गाडी थांबली. शेजारी दुसरी गाडी उभी होती. टपावर तेच कॅरियर, वर ट्रंका, गाद्या, सायकल, आणि आत मागच्या काचेला नाक लावून दोन पोरं.

गदागदाने नातीच्या तोंडातलं बोट हळूच सोडवलं आणि दार उघडून तो खाली उतरला.

"ओ, काय चाललंय?" शेजारच्या गाडीतला माणूस ओरडला.

"नट सैल आहेत तुमचे. दोन मिनिटं थांबा."

नट खरंच सैल होता. हाताखाली अख्खा फिरला. तेवढ्यात हिरवा दिवा लागला. मागून हॉर्न सुरू झाले, कुणीतरी आईवरून शिवी हासडली. त्याने चारही नट आवळले, कॅरियर धरून गदागदा हलवलं आणि टपावर थाप मारली. "जा आता."

"बाबा, बसा ना!" मुलगी खिडकीतून म्हणाली. "असं कितीजणांचं करणार तुम्ही?"

त्याला ऐकूच गेलं नाही. मागच्या रांगेत त्याला आणखी एक तसलंच कॅरियर दिसलं होतं, आणि हात वर करून तो गाड्यांमधून तिकडे धावत सुटला होता.